आटवलेलं पाणी

बनुबाईचं पातेलं सकाळी चुलीवर चढलं की उन्हं ओट्यावर येईपर्यंत उतरत नसे. विहिरीचं पाणी तिपदरी फडक्यातून गाळायचं, पातेलं काठोकाठ भरायचं आणि निम्मं उरेपर्यंत आटवायचं. बाळंतिणीला आणि बाळाला असंच पाणी द्यायचं, ही तिच्या सासूची शिकवण. घरात गॅस होता. पण गॅसवरचं पाणी नुसतं तापतं, आत मुरत नाही, असं बनुबाईचं मत होतं, आणि तिच्या मतापुढे नवरा कानिफनाथसुद्धा जिथं गप्प बसायचा तिथं गॅसची काय कथा.

पारनेरच्या पुढं माळावर त्यांची वस्ती होती. घरापुढं विहीर, विहिरीला लागून बारा जर्सी गाईंचा गोठा, आणि मागं उतारावर कांदा. विहिरीच्या पाण्याचं कानिफनाथला भारी कौतुक. आलेल्या पाहुण्यानं चहा नको म्हटलं तरी पाणी प्यायल्याशिवाय तो सोडत नसे, आणि पाहुणा पीत असताना त्याच्या तोंडाकडं बघत बसे. पाणी गोड होतं, हे खरंच.

सून अश्विनीचं बाळंतपण सासरीच झालं. तिचं माहेर तिकडं खर्ड्याकडं. आई लहानपणीच गेलेली. भावजयीनं सातव्या महिन्यातच फोनवर सांगून टाकलं होतं की आमच्याकडं टँकरचं पाणी आहे ताई, बाळंतपणात तुमचे हाल होतील. खोटं नव्हतं ते, पण भावजयीला सांगायला सोपंही होतं. मग बनुबाईनं पदर खोचला. शेकशेगडी, तेल, डिंकाचे लाडू, रात्रीचं जागरण, सगळं तिनं एकटीनं केलं. अश्विनीला छातीत गळू झालं, ते कापावं लागलं, तापात दूध आटलं, आणि पोर पावडरच्या दुधावर, बाटलीवर आलं. एवढं झालं तरी बनुबाई एका शब्दानं लागेलसं बोलली नाही. उलट वस्तीवरच्या बायका कुजबुजल्या तेव्हा तिनंच त्यांना वाटेला लावलं. अश्विनीला सासू आवडायची. आणि आवडणाऱ्या माणसाला नाही म्हणणं नावडत्या माणसापेक्षा जास्त अवघड असतं.

समर्थ दोन महिन्यांचा झाला तेव्हा कांदाकाढणी चालू होती. अश्विनीचा नवरा बजरंग दिवसभर वाफ्यात असायचा. त्याच्या पायाच्या भेगांत माती बसून काळी झालेली असायची. एका सकाळी अंघोळ घालताना अश्विनीला पोराची नखं निराळी वाटली. मग ओठ. राखेतून काढल्यासारखा रंग. तिनं सासूला बोलावलं. बनुबाईनं पोर उजेडाला धरलं, उलटंपालटं केलं आणि सांगितलं की बापावर चाललंय, बजरंगपण असाच सावळा झाला होता. दुपारी तिनं मीठमोहऱ्या उतरवल्या. संध्याकाळी शेगडी अजून जवळ ओढली. पोर दूध प्यायचं, पण बाटली अर्धी झाली की दमून मान टाकायचं. दुसऱ्या दिवशी तर ते रडेनासंच झालं.

पारनेरच्या डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि हृदयाला छिद्र असेल, नगरला न्या, म्हणून सांगितलं. टेम्पोतला कांदा उतरवून त्यातच सगळे निघाले. बनुबाईनं पोर पदराखाली घेतलं होतं आणि अश्विनी मिनिटामिनिटाला पदर बाजूला करून बघत होती.

नगरच्या डॉक्टरबाईंनी हृदय तपासलं. हृदय धडधाकट होतं. ऑक्सिजन लावला तरी पोराचा रंग बदलेना. मग नर्सनं रक्त काढलं, त्यातला एक थेंब पांढऱ्या कापसावर पडला, आणि डॉक्टरबाई त्याच्याकडं बघतच राहिल्या. थेंब लाल नव्हता. गुळाच्या काकवीसारखा तपकिरी होता, आणि वाऱ्यावर ठेवूनही तसाच राहिला.

"दूध कशात कालवता?" त्यांनी विचारलं.

विहिरीच्या पाण्यात, असं अश्विनीनं सांगितलं. विहिरीजवळ काय आहे, गोठ्याचं पाणी कुठं जातं, शेताला खत कुठलं घालता, असं त्या एकेक विचारत गेल्या. कानिफनाथ अभिमानानं सांगत गेला. गोठा विहिरीला लागूनच, धुवायला सोपा पडतो. शेणामुताचं पाणी बाजूच्याच खड्ड्यात. कांद्याला ठिबकमधून विद्राव्य खत, चांगल्यातलं. बोलता बोलता त्याचा आवाज बारीक होत गेला, कारण डॉक्टरबाई मान हलवत होत्या आणि ती मान कौतुकानं हलत नव्हती.

"आमी तसंच न्हाई देत," बनुबाई मध्येच म्हणाली. "निम्मं आटवून देते म्या. रोज."

डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढं ओढली. "आजी, उकळून जंतू मरतात. हे जंतू नाहीत. खतातलं, शेणामुतातलं नायट्रेट आहे. पाणी वाफ होऊन जातं, हे मागं राहतं. निम्मं केलंत म्हणजे ते दुप्पट दाट केलंत. मोठ्या माणसाला ते सहसा जाणवत नाही. एवढ्या बाळाचं रक्त त्यानं नासतं, त्याला श्वास पुरत नाही."

बनुबाईला त्यातलं एवढंच लागलं की तिच्या पातेल्यात खत आहे असं ही बाई म्हणतेय. ती उठून बाहेर बाकावर जाऊन बसली.

अश्विनी मात्र जागीच उभी राहिली. तिनं बारावी सायन्सला केलं होतं. सरांनी फळ्यावर पाण्याचा रेणू काढला होता, एका टोकाला अधिक, दुसऱ्याला उणे. पाण्याला दोन्हीकडून हात आहेत, ते म्हणाले होते. मीठ असो की खत, ओढून सुटं करतं आणि कणाकणाला वेढून बसतं. मग काय विरघळतं आणि काय नाही ते पाठ करायला दिलं होतं. क्लोराइडला अपवाद, सल्फेटला अपवाद, कार्बोनेट तर बहुतेक विरघळतच नाहीत. नायट्रेटला अपवाद नाही, सगळी विरघळतात. पाठ करायला सगळ्यात सोपी ओळ म्हणून वर्गाला ती आवडायची. आणि लग्नानंतर तिनं स्वतः पिंपात ते खत कालवलं होतं. पांढरे दाणे पाण्यात टाकले की पाणी हाताला गार लागायचं, आणि बघता बघता दाणे नाहीसे व्हायचे. खाली गाळ नाही, वर साय नाही. ठिबकच्या नळ्या तुंबत नाहीत म्हणून कानिफनाथ तेच खत मागवायचा. दोन महिने ती ते आटलेलं पाणी बघत होती आणि तिला ही ओळ एकदाही आठवली नव्हती. याचा तिला इतका राग आला की भिंतीला डोकं आपटावंसं वाटलं.

शिरेतून निळं औषध दिलं आणि तासाभरात पोर गुलाबी झालं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ओठांना रंग आला. बजरंग कोपऱ्यात तोंड फिरवून रडला. घरी आल्यावरही दिवसभर पोराचे लंगोट निळे-हिरवे भिजत होते, कारण औषधच तसं उतरतं. बनुबाईनं एक लंगोट दोन्ही हातांत धरून वस्तीवरच्या बायकांना दाखवला. जे काय इख होतं ते निघालं बघा, म्हणाली. तिच्या लेखी प्रकरण तिथंच मिटलं.

बाळाच्या दुधाला आता पारनेरहून जार यायचा, मशीनवर शुद्ध केलेल्या पाण्याचा. जारवाल्याचा टेम्पो एक दिवसाआड रस्त्यावर हॉर्न वाजवायचा आणि अश्विनी धावत जायची. डॉक्टरबाईंनी निदान सहा महिने विहिरीचा थेंबही पोराला द्यायचा नाही, आणि गोठा, खड्डा विहिरीपासून लांब न्यायचा, असं बजावलं होतं. कानिफनाथनं त्यातलं थेंबही न देण्याचं ऐकलं आणि गोठ्याचं विसरला. अश्विनीनं एकदा धीर करून विचारलं, की मामा, खड्डा तरी लांब घ्यायचा का. तो विहिरीच्या कठड्यावर बसला होता.

"कांदा निघू दे," तो म्हणाला. "आन् हे बघ पोरी, वस्तीवर बोलू नको. सगळी ह्याच इहिरीचं पितात. उद्या म्हनतील, कानिफनाथानं आमाला शेन पाजलं. घरातलं घरात ऱ्हाऊ दे."

मग ती बजरंगकडं वळली. तो वाफ्यातून आला की भाकरी खाऊन तिथंच आडवा व्हायचा. त्याचंही म्हणणं वेगळं नव्हतं. गोठा हलवायचा म्हणजे गव्हाण, पत्रे, पाइपलाइन, सगळं आलं, आणि कांदा रानात उघडा पडलेला. आपण सगळे तेच पाणी पितो, आपल्याला काय झालं, असंही तो म्हणाला. अश्विनीकडं याला उत्तर होतं, पण झोपलेल्या माणसाला ते कसं सांगणार.

बनुबाईचं पातेलं चालूच होतं, आता घरच्यांसाठी. एका सकाळी तिनं रिकामं पातेलं अश्विनीपुढं आणून उजेडात तिरपं केलं. बुडाला पांढरा थर बसला होता. तिनं नखानं खरवडून पापुद्रा काढला आणि सुनेच्या तळहातावर ठेवला.

"हे बघ तुझ्या डाक्टरीनबाईचं इख," ती म्हणाली. "खाली बसलंय. आगीनं वेगळं काढलंय. मंग वरचं पानी नितळच की न्हाई?"

अश्विनी त्या पापुद्र्याकडं बघत राहिली. तो चुना होता, पाण्यातला जडपणा. तो दिसतो, खाली बसतो, नखाला लागतो. आणि जे पोराच्या रक्तात गेलं ते कधीच खाली बसत नाही, त्याला वास नाही, रंग नाही, चव नाही. ते सासूच्या हातावर कसं ठेवायचं? तिनं एक युक्ती केली. वाटीभर पाण्यात मीठ टाकून सासूला चाखायला लावलं, मग तेच निम्मं आटवून परत चाखायला लावलं. बनुबाईनं दोन्ही वेळा जबाबदारीनं चाखलं.

"आधीपरीस खारट लागतंय," तिनं कबूल केलं.

"मग आत्या, तसंच ते पन."

"आगं, ह्यात तू मीठ टाकलंस. आपल्या इहिरीत कुनी मीठ टाकलंय? गोड हाय पानी."

अश्विनी हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. बनुबाईनं तिला जवळ घेतलं, केसांवरून हात फिरवला आणि बाळंतिणीनं एवढा विचार करू नये, दूध आटतं, असं म्हणाली. दूध कधीच आटलेलं होतं, हे दोघींनाही त्या क्षणी आठवलं नाही.

तेव्हापासून अश्विनी पोराला नजरेआड करेना. बाटली पदराला बांधल्यासारखी जवळ ठेवायची. जार आपल्या खोलीत पलंगाखाली. धुणं घालायला गेली तरी पोर झोळीत घालून बरोबर न्यायची. बनुबाईला ते कळत होतं. नातू तिच्या मांडीवर असला की सून दारात येऊन उगाच काहीतरी शोधायची. बनुबाई काही म्हणायची नाही, पण तिनं पोराला स्वतःहून मागणं बंद केलं. घरात कुणी भांडलं नाही, आणि तरी अश्विनीला श्वास घ्यायला जागा उरली नव्हती. कुठं जावं असा विचार केला की डोळ्यांपुढं खर्ड्याच्या घरापुढचं टँकरचं पिंप यायचं, आणि पिंपापाशी उभी भावजय.

चैत्रात गावची यात्रा आली. वस्तीवर घराघरात पाहुणे. कानिफनाथकडं तर नगर, शिरूर, कुठून कुठून माणसं आली. भाकरीच्या चवडी लागल्या, मटणाची पातेली चढली. पहाटेपासून अश्विनी चुलीपुढं होती. यात्रेच्या दिवशी घरातली सून खोलीत पोर घेऊन बसली तर पाहुणे काय म्हणतील, हे कुणी बोललं नाही, तिलाच ते ठाऊक होतं. पोर बनुबाईकडं दिलं. जार भरलेला होता, तो दाखवला, पावडर दाखवली. यातलंच घ्या आत्या, म्हणाली. बनुबाईनं मान हलवली. या वेळी तिच्या मनातही तसंच होतं.

ऊन चढलं. मांडवात बसलेल्या पाहुण्यांनी पाणी मागितलं. जन्मभर ज्या माणसानं प्रत्येकाला आपल्या विहिरीचं पाजलं, त्याला त्या दिवशी शहरातल्या पाहुण्यांपुढं वेगळंच काही सुचलं. कानिफनाथ आत गेला, पलंगाखालचा जार उचलून आणला आणि मांडवात तिपाईवर ठेवला. आमच्याकडं आता जारचंच असतं, असं म्हणाला. पाहुण्यांनी थंडगार पाणी घटाघटा पिऊन तासाभरात जार खाली केला. पोरांनी उरल्यासुरल्या पाण्यानं हात धुतले.

यात्रेपायी जारवाल्यानं दोन दिवस सुट्टी घेतली होती. पोर भुकेनं कळवळलं तेव्हा बनुबाईनं जार बघितला. मग चुलीकडं बघितलं. अश्विनी घामानं निथळत भाकरी थापत होती, तिच्याभोवती बायकांचा गराडा. बनुबाईला तिची कीव आली. बिचारीला आता कशाला घोर, असं तिला वाटलं. तिनं मागल्या दारची चूल पेटवली, विहिरीचं पाणी सहापदरी फडक्यातून गाळलं, आणि आटवायला ठेवलं. निम्म्यावर आलं तरी उतरवलं नाही. डॉक्टरीणबाई निम्म्याला नावं ठेवत होती ना? मग आणखी आटू दे. चौथाई उरेपर्यंत ती धुरात डोळे पुसत बसून राहिली. इतकं जपून तिनं आयुष्यात कुणासाठी पाणी तापवलं नव्हतं.

तेच पाणी पोराला त्या दिवशी गेलं, रात्री खोलीत पाहुण्या बायका निजल्या आणि पोर बनुबाईपाशीच राहिलं तेव्हाही गेलं, आणि दुसऱ्या दिवशी पाहुणे वाटेला लावेपर्यंतही गेलं. अश्विनीनं येता-जाता विचारलं, प्यायला का? प्यायला की, पोटभर, असं उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती हात धुऊन पोराजवळ आली. झोपलंय, म्हणून बनुबाईनं तोंडावर बोट ठेवलं. अश्विनीनं दुपटं बाजूला केलं आणि राखेच्या रंगाचे ओठ बघताच पोर उचलून ती टेम्पोकडं पळाली.

टेम्पो नगरकडं पळाला तेव्हा रस्त्यावर यात्रेहून परतणारी माणसं होती. बजरंग हॉर्नवरून हात काढत नव्हता. या वेळी पोर अश्विनीनं स्वतः घेतलं होतं. ते झटका आल्यासारखं एकदा ताठ झालं आणि मग लोळागोळा झालं. जगू दे, एवढंच ती मनात म्हणत होती.

डॉक्टरबाईंनी ओळखलं. नर्सनं सुई टोचेपर्यंत त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"विहिरीचं पाणी दिलं?"

बजरंगनं बायकोकडं बघितलं. कानिफनाथनं जमिनीकडं. अश्विनीला सगळं कळलं होतं, रिकामा जार तिनं निघताना बघितला होता. पण सासूचं नाव तिच्या जिभेवर येईना.

"दिलं," बनुबाई म्हणाली. "जार संपला हुता. पोरगी कामात हुती, तिला ठावं न्हाई. म्या दिलं. निम्मं न्हाई, चौथाई आटवलं. म्हनलं, लेकराला काई व्हायला नगं."

डॉक्टरबाई नर्सला औषध सांगत पोराकडं वळल्या. बनुबाई बोटांवर मोजत होती. निम्मं म्हणजे दुप्पट, असं ही बाई मागं म्हणाली होती, तर चौथाई म्हणजे किती, हे तिला मोजता आलं, आणि ती खोलीतून बाहेर गेली.

या वेळी पोराला दोनदा औषध द्यावं लागलं. रंग यायला संध्याकाळ झाली, आणि डोळे उघडायला दुसरी सकाळ. बजरंग आणि कानिफनाथ गाईंच्या धारा काढायला वस्तीवर गेले. गाई कुणासाठी थांबत नाहीत. बनुबाई मागं राहिली. ती खोलीत आलीच नाही, बाहेरच्या बाकावर बसून होती. कुणी पाणी दिलं तर नको म्हणायची. अश्विनी आतून तिला बघत होती. तिच्या मनात सासूला सुनावायचं पुष्कळ होतं, शब्दही जुळवून ठेवलेले होते. पण ते शब्द घेऊन बाहेर जायचं तर मागं पोराजवळ कोण राहणार होतं?

सकाळी नर्सनं चिठ्ठी दिली. खालच्या दुकानातून औषध लगेच आणायचं होतं. नर्सच्या हातात दुसरं बाळ होतं. अश्विनी पोर घेऊन बाहेर आली आणि बाकापुढं उभी राहिली.

"धरा, आत्या."

बनुबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "नगं. नर्सबाईकडं दे. माझ्याकडं नगं."

"धरा."

"माझ्या हातानं दोनदा झालं, अश्विने. तिसऱ्यांदा नगं."

अश्विनीला राग होता, अजूनही होता. सासूकडं सरळ बघायला तिला जड जात होतं. परवा याच बाईबरोबर त्याच घरी, त्याच विहिरीवर जायचं होतं, आणि पुढचे कितीतरी महिने काढायचे होते.

"दुसरं कोन हाय मला?" ती म्हणाली.

बनुबाईचा पदर बाजूला झाला आणि हात पुढं आले. पोर मांडीवर घेताना तिला दुपट्यात खुपसलेली बाटली लागली. तिनं ती काढून सुनेकडं धरली.

"ही तुझ्यासंगट ने. माझ्याजवळ ठिवू नको."

अश्विनीनं बाटली घेतली आणि जिन्याकडं निघाली. वळणावर ती थांबली, तिनं मागं पाहिलं. बनुबाई जिन्याकडंच तोंड करून बसली होती. तिनं पोर मांडीवर निजवलं होतं, आणि लांबूनही दिसावेत असे दोन्ही हात त्याच्या दुपट्यावर उघडे ठेवले होते.